लाळलस

"धुवू नका! लाळ आत जाऊ द्या!"

करंजनगर विषाणू संस्थेच्या प्रयोगशाळेत, बेसिनच्या वर, ते पोस्टर लावलेलं होतं. त्यावर इथली संशोधक शाल्मली उंबरकर स्वतःच हसत होती, कुत्रा चावलेला हात उंचावून. फोटो महिन्यापूर्वीचा. आज तिला ते पोस्टर टराटरा फाडावंसं वाटत होतं.

काचेपलीकडच्या पिंजऱ्यात एक तांबडा कुत्रा रबरी हाताचे लचके तोडत होता.

संचालक डॉ. हेर्लेकर आत आले आणि थेट संगणकासमोर बसले. "राज्याची समिती आता जोडली जाईल. चेहरा जरा बरा कर, उंबरकर."

"सर, राज्यभर पसरवायची परवानगी मागू नका. लाळलस थांबवा."

"झालं का परत सुरू?"

"आपण केलं काय? रेबीजचा विषाणू पांगळा केला. तो जीव घेत नाही, पण कुत्र्याच्या लाळेत राहतो. तो दुसऱ्या कुत्र्याला किंवा माणसाला चावला की त्यालाही आपोआप लस मिळते. भटकी कुत्री पकडत बसायला नको."

"माझंच भाषण मलाच ऐकवतेस?"

"पुढचं तुमच्या भाषणात नाही. विषाणू प्रत्येक कुत्र्यात थोडा बदलतो. जो प्रकार कुत्र्याला शांत ठेवतो, तो त्या कुत्र्याबरोबरच संपतो. जो मेंदूतलं रागाचं केंद्र चेतवतो, त्याचा कुत्रा दिसेल त्याला चावत सुटतो आणि तोच प्रकार गावभर होतो. सौम्य विषाणू आपण निवडला, सर, पण इथे. रस्त्यावर निवड चावा करतो! हा तांबड्या आला तेव्हा माझे पाय चाटत होता. त्याला फक्त रस्त्यावरच्या कुत्र्याची लाळ टोचली. बघा आता."

हेर्लेकरांनी पिंजऱ्याकडे बघितलंही नाही. "लाळलस आल्यापासून शहरात रेबीजने एक तरी माणूस दगावला? चावे वाढले म्हणजे लसीकरण वाढलं. साधा हिशोब आहे."

"हिशोब?" शाल्मलीचा आवाज चढला. "माझ्या भाचीला, कुहूला, गालावर चावलं कुत्रं. ताईने साबण हातात घेतला होता. तुमचं पोस्टर आठवून तिने तो परत ठेवला! वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं साबणाने धुवायचं आणि तडक दवाखाना गाठायचा, हे शाळेतल्या पोरांना पाठ होतं. ते तुम्ही पुसलंत. दवाखान्यातली इंजेक्शनंही बंद केलीत."

"मग? मुलगी ठणठणीत असेल."

"परवा ती वर्गात बाईंना चावली."

"लहान पोरं चावतातच. पांगळा विषाणू माणसाच्या मेंदूपर्यंत पोचत नाही."

"पोचत नव्हता! गालापासून मेंदू जवळ, म्हणून तिला लवकर झालं. हातापायाला चावलेल्यांना महिना लागेल, एवढाच फरक."

हेर्लेकर हसले. "हल्ली फार भडकतेस बाई तू. पूर्वी अशी नव्हतीस. घरी जा, झोप काढ."

समितीला जोडून घ्यायला त्यांनी संगणकाच्या कळीकडे हात नेला. शाल्मलीने तो हात मधेच धरला. तिला फक्त अडवायचं होतं. पुढच्या क्षणी तिचे दात त्यांच्या मनगटात रुतले होते.

"अगं, वेडी झालीस का!"

हात सोडवून हेर्लेकर बेसिनकडे धावले. त्यांनी नळ पूर्ण सोडला, साबणाची वडी उचलली आणि मनगट खसाखसा घासायला लागले.

शाल्मलीच्या जिभेवर रक्ताची चव होती. तिने पोस्टरवरच्या आपल्या हाताकडे बघितलं. हात. महिना. पुरावा शोधत ती महिनाभर कुत्र्यांच्या मागे फिरली होती, आणि तो तिच्याच तोंडात वाढत होता. आपला राग खरा आहे, याबद्दल तिला शंका नव्हती. दात कोणी चालवले, हे मात्र सांगता येत नव्हतं.

"धुवू नका, सर," ती म्हणाली. "लाळ आत जाऊ द्या."

"तोंड बंद कर! इंजेक्शनं आण आधी. माझ्या कपाटात आहेत."

"इंजेक्शनं? ती तर बंद केलीत ना?"

"सगळ्यांसाठी केली! थोडी ठेवलीत. जा, पळ!"

त्यांची राहिलेली कळ शाल्मलीने दाबली. संगणकाच्या पडद्यावर समितीचे चेहरे एकेक करून उमटले. तिने कॅमेरा बेसिनकडे वळवला. पोस्टरखाली हेर्लेकरांच्या कोपरापर्यंत फेस झाला होता.

तिने आवाजाची कळ दाबली.

"कुठलं कपाट, सर? जरा मोठ्याने सांगा. समितीला ऐकू जाऊ दे."