पौर्णिमेची अंडी

"ऊठ नं रीना! ए पियूष, पाणी आण!"

शालू मैदानावर गुडघे टेकून ओरडत होती. कोहक्यातल्या बुद्धविहाराच्या उन्हाळी शिबिरात सगळ्यांत वेगात धावायची ती रीना! रविवारी दुर्गला शर्यत होती, आणि आज दुसऱ्याच फेरीत ती कोसळली.

शिबिर चालवणारे प्रफुलकाका सावलीतून हललेसुद्धा नाहीत. "रात्रभर मोबाइल पाहतात अन् सकाळी चक्कर! रीना, शर्यतीतून तुझं नाव कट! चला, बिस्किटं घ्या!"

रीनाने नुसते डोळे पुसले. शालूची मात्र कानशिलं तापली. रीनाच्या घरी मोबाइल एकच, आणि तो तिच्या बाबांबरोबर ड्यूटीवर जायचा!

शालूची आजी वच्छलाबाई विहाराच्या महिला मंडळाची प्रमुख. घरी शालू आणि पियूषकडून सगळं ऐकून तिला नवल वाटलं. "रोज अंडं खाऊन राहिली पोरगी, तरी चक्कर कावून आली?"

"कोणतं अंडं, आजी?"

"मंडळ दर सोमवारी शिबिरात अंड्याचे ट्रे पोचवते नं!"

"आमाले तर रोज क्रीमचं बिस्किट भेटते!"

पियूष ताडकन उठला. "काकाच्या स्कूटरवर ट्रे पाहिले मी! मले वाटलं, रिकामे असतीन."

दोघांनी सायकली काढल्या. वाटेत रीना भेटली; घरी जा म्हटलं तरी ऐकेचना, म्हणून ती पियूषच्या मागे बसली. चौकात प्रफुलकाकांच्या मेव्हण्याची एगरोलची नवी गाडी होती. गाडीखाली ट्रेवर ट्रे! आणि शेजारी काकांची स्कूटर!

"चोर साला!" पियूष धावणार, तोच शालूने त्याची कॉलर धरली.

"थांब! आता ओरडला तं म्हणन, बाजारातून आणले. त्याच्याच तोंडून काढू."

संध्याकाळी आजीने काकांना विहाराच्या अंगणात बोलावलं. मंडळाच्या सगळ्या बायका जमल्या होत्या. पोरांना अंडी मिळतात का, असं तिने काकांना विचारलं.

"पोट्टे खोटं बोलून राहिले, मावशी! अंडे रोज वाटतो मी. बिस्किट वरून देतो!"

शालूच्या मुठी आवळलेल्या होत्या, आवाज मात्र साखरेसारखा. "काल पण वाटले, काका?"

"काल पण!"

"रीनानं खाल्लं?"

"एक नाही, दोन! माह्या हातानं सोलून दिले!"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

"काल बुद्धपौर्णिमा होती, प्रफुल," आजी म्हणाली. "आपल्या वस्तीतलं कोणतं लेकरू पौर्णिमेले अंडं खाते? तू सोता इथं बसून खीर खाल्ली."

"ते... मेव्हण्याची गाडी नवीन आहे, मावशी... अन् बिस्किटानं पण पोट भरतेच नं..."

"भरते?" शालू किंचाळली. "चार फेऱ्या पळून पाहा बिस्किटावर! ती पडली, अन् तुम्ही तिलेच बोलले! माफी मागा! आमाले नाही, तिले!"

काकांनी मान खाली घालून रीनाची माफी मागितली. आजीने शिबिराची किल्ली काढून घेतली आणि शालूच्या आईच्या, सुजाताच्या हातात ठेवली. "सगळे अंडे परत पाहिजेत, प्रफुल. अन् रीना रविवारी पळन!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! वाघिणी आहेत पोरी!" आजीने शालूच्या डोक्यावर हात ठेवला आणि पियूषकडे पाहिलं. "अन् हा आमचा वाघ!"

शालूचा राग अजून उतरला नव्हता. तिने आजीचा हात धरून तिला विहाराच्या स्वयंपाकघराकडे ओढलं.

"शाबासकी मंग दे, आजी. सकाळपासून ती बिस्किटावरच आहे. आधी तिले जेवाले दे!"