ठेंगण्या दारापाशी

गाभाऱ्याच्या दगडी चौकटीवर प्रणालीचं कपाळ असं आपटलं की आत बसलेल्या गुरवानंही मान वळवली.

"देवाले मंग... आधी दरवाज्याले नमस्कार करा लागते इथं," मागून कुणीतरी म्हणालं.

ती रागानं वळली. समोर एक उंच तरुण. हाताला पीठ, गालावर राखेचा पट्टा. हसू दाबायचा त्याचा प्रयत्न अगदीच कच्चा होता.

"आधी सांगाले काय झालं होतं?"

"सांगणारच होतो... तुमीच घाईत."

माघातला रविवार होता. प्रणालीचं बी.एड. झालं म्हणून तिचे वडील नत्थुजी बायको-लेकीला घेऊन अमरावतीहून लासूरच्या आनंदेश्वराला रोडग्यांचा नवस फेडायला आले होते. बाहेर गोवऱ्यांच्या दोन हारी धुमसत होत्या. एक यांची, दुसरी हिवरखेडच्या कौशल्याबाईंची. हा तरुण त्यांचा एकुलता एक ललित, गावात खत-बियाण्याचं दुकान असलेला. निखाऱ्यात कणकेचे जाड रोडगे भाजायला तास-दीड तास लागतो, आणि या दोघांना तेवढा वेळ पुरला.

त्यानं तिला देऊळ दाखवलं. मंडपाच्या मधोमध छत नाही, वर नुसतं गोल आभाळ. खाली फरशीवर उन्हाचा तेवढाच गोल. ती त्यात जाऊन उभी राहिली, तेव्हा त्यानं रुमाल ओला करून पुढे केला.

"दुखते काय?"

"नाही."

"मंग डोळ्यात पाणी काहून?"

"धूर... तुमच्या रोडग्यांचा."

"हवा तं तिकडं वाहून राह्यली!"

प्रणाली हसली. रुमाल कपाळाला लावून हसतच राहिली. तो तिला आवडला होता. टेंगळासकट आवडला होता, उगाच आडपडदा कशाला ठेवायचा?

मग तो एकदम गंभीर झाला. खांबावरच्या नक्षीवर बोट फिरवत म्हणाला, "आई मले दर रविवारी पोरगी पाहाले नेते. आज म्हणलं, देवाले जाऊ... आज इथंच पाह्यली, असं सांगू काय तिले?"

तिनं ओल्या रुमालाची घडी घातली, पुन्हा मोडली.

"नाही म्हणसान तरी मले राग येणार नाही. पण सांगा... एका शब्दात."

तिच्या ओठांवर 'हो' आलं होतं. खरंच आलं होतं. तेवढ्यात खांबापलीकडून नत्थुजींचा आवाज आला, "कोणासंगं बोलून राह्यली वं, प्रणाली?"

बापाचा आवाज चढला की तिची लहानपणापासून बोबडी वळायची. "कोणी नाही बाबा... हे दादा देऊळ दाखवून राह्यले."

कंडक्टरलाही पोरी दादा म्हणतात. तिनंही तो शब्द निव्वळ घाबरून पुढे केला होता. पण ललितनं एकच शब्द मागितला होता, आणि तो हा मिळाला. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

जेवायला बोलवायला आलेल्या कौशल्याबाईंनीही तो ऐकला. "दादा म्हणे, अवं माय! मले पोरगी नाही. तुले भाऊ हाय काय वं?"

"नाही ना बाई," नत्थुजीच म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. लेकीच्या पाठीशी भाऊ नाही, हे त्यांचं जुनं दुखणं.

मग काय! गुरवाकडून पूजेचा लाल नाडा आला. देवासमोर भाऊ मानायचा ठरला. ललित नाही म्हणेल म्हणून प्रणाली त्याच्याकडे पाहत राहिली. ती नाही म्हणेल म्हणून तो तिच्याकडे. शेवटी त्यानं मनगट पुढे केलं.

"भेटलं उत्तर," तो हळूच म्हणाला.

"तसं नाही... ऐका ना..."

"गाठ पक्की मार वं," कौशल्याबाई म्हणाल्या.

तिनं मारली. त्या दिवशी रोडगे झकास झाले होते, असं सगळे म्हणाले.

ललितनं नातं निभावलं. दोन भाऊबीजांना तो आला, खाली मान घालून ओवाळून घेतलं, साडी ठेवून गेला. आज सांगायचंच, असं प्रणाली दर वेळी ठरवायची. आणि दर वेळी आई-बाबा समोर कौतुकानं बसलेले असायचे.

यंदा तिचं लग्न वरूडच्या गजेंद्रशी झालं. माणूस इतका भला की तक्रार करायलाही जागा नाही. मांडवात भटजींनी पुकारलं, "नवरीचा भाऊ... कानपिळीला या!"

ललित आला. नवरदेवाचा कान त्यानं धरला, रीतीप्रमाणे पिळला.

"सोडा हो भाऊ," गजेंद्र हसत म्हणाला. "काय पाहिजे ते मागा."

बायका कान देऊन ऐकू लागल्या. पोशाख मागतो की अंगठी?

"काही नको," ललित म्हणाला. "दरवाजा ठेंगणा असला तं हिले आधी सांगत जा. हे घाईत असते... डोकं आपटून घेते."

सगळा मांडव खदखदून हसला. प्रणालीची बोटं मुंडावळ्यांखाली कपाळावर गेली.

"सांगणारच होती मी..." ती त्याला ऐकू जाईल एवढंच बोलली. "तुमीच घाईत."

नवरदेवाच्या कानावरची त्याची बोटं सैल पडली. तेवढ्यात वाजंत्री सुरू झाली.