एकशे एकावा प्रश्न

ओ निगेटिव्ह, पालम.

कावेरीला सकाळी मुलगी झाली, वजन अडीच किलो.

एका वेळी शंभर, जास्त नाही.

शाळेचा निकाल.

परभणीतल्या ऑफिसात शिवकांत एकाच सर्व्हरवर तीन वेबसाइट चालवायचा. एक शाळेची, एक बियाण्यांच्या दुकानाची, एक जिल्ह्यातल्या रक्तदात्यांच्या यादीची. नवी साइट करताना तो जुन्याच सेटिंगची फाइल उचलून ठेवी. त्यामुळे तिन्ही एकाच पासवर्डने डेटाबेसकडे जात, आणि जोडणीच्या शंभर जागा तिघींत मिळून. एकीने अडवल्या की बाकीच्या दारात उभ्या.

दुपारी बाराला तिन्ही बंद पडल्या. तेवढ्यात पालमच्या दवाखान्यातून चुलतभाऊ लिंगराजचा फोन. त्याची बायको कावेरी तिथं सकाळीच बाळंत झाली होती.

"शिवा, तुझी यादी उघडंना गेलीय. कावेरीचं रक्त थांबंना. डॉक्टर म्हणायलेत, ओ निगेटिव्हवाला हुडका, अर्ध्या तासात."

"दादा, दोन मिनिटं."

"तुझे दोन मिनिट आमाला ठावं हायेत. जेवायला बोलवलं तर चहाला येतूस." तो हसला नाही.

शिवकांतने चालू जोडण्या पाहिल्या. शंभरच्या शंभर भरलेल्या. सगळ्यांत एकच प्रश्न, ओ निगेटिव्ह, पालम. लिंगराज घाबरून सारखं बटण दाबत असेल, असं त्याला वाटलं. त्याने सगळ्या तोडल्या.

पुन्हा शंभर.

त्याने सर्व्हरची इंटरनेटची वायर उपटली. आता बाहेरून कोणी विचारूच शकत नव्हतं.

शंभर.

सर्व्हर बंद करून चालू केला. पंखा थांबला, पुन्हा घरघरला. मिनिटभरात शंभर. प्रत्येकीपुढे किती सेकंद वाट पाहिली तो आकडा होता: तीन कोटी पंधरा लाखांच्या वर. त्याने मोबाइलवर भागून पाहिलं. एक वर्ष.

सर्व्हर चालवणाऱ्यासाठी शंभरांपलीकडे एक जागा राखीव असते. तिथून त्याने स्वतः विचारलं. ओ निगेटिव्ह, पालम.

उत्तर आलं नाही. त्याचा प्रश्न शंभरांच्या खाली जाऊन थांबला.

फोन वाजला.

"राहू दे, शिवा. आता रक्त नको." मागे बाळ रडत होतं.

त्याने आपला प्रश्न तोडला.

तुटला नाही. त्याच्यापुढचे सेकंद वाढत राहिले.

मागच्या साली याच तारखेला, दुपारी बाराला, शाळेच्या निकालाला जागा व्हावी म्हणून शिवकांतने रक्तदात्यांची यादी वीस मिनिटं बंद ठेवली होती. त्या वीस मिनिटांत पालमहून कोण विचारत होतं, ते त्याने पाहिलं नव्हतं.