अबू साबिरचा आवाज

"गाढव!" मी भर रस्त्यात ओरडले.

पुढे उभा असलेला माणूस वळला. लुवेबदे टेकडीच्या चढावर पाऊस रिपरिपत होता आणि त्याने नुकतंच काअक, म्हणजे तिळाचा पाव, विकणाऱ्याला म्हटलं होतं, "तीळ भरपूर असलेला दे रे, चाचा."

"म्हणजे... तुम्ही नाही," मी चाचरले. "तुमचा आवाज... अबू साबिर गाढवाचा आहे ना? मी लमीस. त्याला पडद्यावर मी हलवते."

तो खो खो हसला. "माझे कान एवढे लांब करणाऱ्या बाई तुम्हीच तर! मी तैसीर."

मुलांच्या मालिकेतल्या गाढवाला तैसीर आवाज द्यायचा. रेकॉर्डिंग दुसरीकडे व्हायचं, माझ्याकडे नुसती फाइल यायची. ती ऐकत मी थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये गाढवाचे ओठ, जबडा, पापण्या अक्षराअक्षराला जुळवायचे. सगळा हिवाळा तो माझ्या कानात राहत होता. त्याला चेहराही असेल, असं मनातच आलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मी त्याला स्टुडिओत बोलावलं. म्हटलं, गाढवाचा 'ब' नीट बसत नाही. खरं तर बसला होता.

"'ब' म्हणा, उस्ताद."

"ब."

"सावकाश."

"इतक्या जवळून कोणी ओठांकडे बघायला लागलं, तर... अक्षर घाबरतं हो!"

मी स्क्रीनमागे तोंड लपवलं. मग कधी 'म' अडू लागला, कधी 'फ'. येताना तो मरामियाच्या सुगंधी पानांचा चहा आणायचा. काचेवरून पाणी ओघळत राहायचं आणि आम्ही एका गाढवाला हसायला शिकवायचो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही.

पण त्याच्या आवाजात खरखर येत चालली होती. "थंडी आहे गं," तो म्हणायचा. मी त्याच्या जुन्या आणि नव्या फाइली पडद्यावर शेजारी लावल्या. आधी जिथे आवाजाची गोल टेकाडं दिसायची, तिथे आता करवतीचे दाते होते.

तो बघत राहिला. "गाढव म्हातारं झालं."

"तैसीर, थट्टा पुरे. डॉक्टरकडे चल. आत्ता."

घशात गाठ निघाली. वाईट जातीची. जीव हवा असेल तर स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनआधी त्याने गाढवाचे उरलेले संवाद बोलून टाकले. मध्येमध्ये खोकत, पाणी पीत. शेवटचं वाक्य झालं. मी म्हटलं, "एक ओळ राहिली."

"कुठली?"

"कागदावर नाही ती..."

त्याने हेडफोन काढून ठेवले. "नको, लमीस. जो आवाज परवा नसणार, त्याने तुला कसला शब्द देऊ?"

आणि तो भिजत निघून गेला. माझे फोनही घेईनासा झाला.

दहा दिवस मी वाट पाहिली. मग इस्पितळात गेले. त्याची आई नमाजला गेली होती. त्याच्या गळ्याला पट्टी होती, चेहरा खंगलेला. मला बघून तो भिंतीकडे वळला. मग मोबाईलवर काहीतरी लिहून माझ्यापुढे धरलं: गाढवाला दुसरा आवाज शोध.

"शोधला. नव्या भागांसाठी रविवारपासून येतोय," मी म्हटलं. "तुझ्याइतका चांगला नाही."

त्याचे डोळे भरले. खोटं बोलून काय करणार होते मी? त्याचा आवाज गेला होता. मलाही त्याचं दुःख होतं, अजून आहे.

"गाढवाचं मी निभावेन," मी म्हटलं. "पण सकाळी न्याहारीला माझ्यासमोर कोण बसणार, ते आज ठरवायचंय. मला तू हवा आहेस, तैसीर. तुला नको असेन, तर तसं लिही. मी जाते."

त्याने लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. बाहेर पाऊस झोडपत होता.

मग त्याने मोबाईल उशीखाली सारला आणि कण्हत, सगळ्या नळ्या सांभाळत, पलंगावर थोडा सरकून माझ्यासाठी जागा केली.