चौकटीबाहेरचा चेहरा

फोन स्वतःच फोटो रचू लागले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. ढगाळलेलं आकाश निळं करणं, मिटलेले डोळे उघडणं, रडक्या पोराला हसवणं ही कामं ते न सांगता उरकत. त्यामुळे समोर होतं तेवढंच टिपणारा कॅमेरा हवा असलेली माणसं थोडी उरली होती, पण ती हट्टी होती. त्यांच्यासाठी एखादा नवा कॅमेरा आला, की तो विकत घेण्याआधी ती सांगलीचा अच्युत माईणकर काय म्हणतो ते वाचत.

अच्युत एका मासिकात कॅमेऱ्यांची परीक्षणं लिहायचा. त्याच्या लेखी प्रत्येक कॅमेरा हा नोकरी मागायला आलेला उमेदवार होता आणि बहुतेक उमेदवारांना तो दारातूनच परत पाठवी. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांवर तर त्याचा विशेष राग. त्यांची भिंगं बारीक, आतला प्रकाश टिपणारा पडदा नखाएवढा, आणि अंधार पडला की चित्रात रवाळ कचरा. पण मोठा कॅमेरा डोळ्याला लावला की समोरचा माणूस अवघडतो, हेही तो जाणून होता. छोटा असूनही मोठ्याच्या तोडीचा कॅमेरा मिळावा, ही त्याची जुनी इच्छा होती.

म्हणून पुण्याच्या एका नव्या कंपनीची शास्त्रज्ञ, डॉ. इरावती ढेपे, 'काजवा' नावाचा कॅमेरा घेऊन स्वतः सांगलीला आली, तेव्हा त्याने तिला चहा दिला आणि काजवा आठवडाभर ठेवून घेतला.

कॅमेरा साबणाच्या वडीएवढा होता. भिंगाभोवतीची कडी फिरवताना बोटाला हलके खटके जाणवत. दोन दिवस अच्युत हळदीच्या बाजारात हिंडला. गोदामात उजेड जेमतेम, हवेत पिवळी धूळ, आणि पोत्यांच्या थप्प्यांमध्ये हळकुंडं निवडत बसलेल्या बायका. असल्या जागी भल्याभल्या कॅमेऱ्यांना रंग आवरत नाहीत. काजव्याने कातडीचा रंग वेगळा राखला आणि हळदीचा वेगळा. अच्युतने मनातल्या मनात त्याला नोकरी देऊन टाकली.

तिसऱ्या दिवशी त्याने कडीची दुसरी बाजू वापरून बघितली. तिला कंपनीने 'उलगडा' असं नाव दिलं होतं. काढलेला फोटो पडद्यावर आणून कडी उलटी फिरवली, की फोटोची चौकट हळूहळू रुंदावत जाई. निवडणाऱ्या बाईचा चेहरा मध्ये राही आणि तिच्या डाव्या हाताला, मूळ फोटोत नसलेला, पाठीवर पोतं घेतलेला हमाल दिसू लागे. आणखी फिरवली तर गोदामाचं दारही दिसे.

अच्युतला वाटलं, हाही फोनसारखाच मनाचे मांडे खाणारा निघाला. त्याने इरावतीला फोन करून तसं सुनावलं. ती शांतपणे म्हणाली की यातलं काहीही कल्पनेचं नाही, आणि मग तिने त्याला कॅरम आठवायला सांगितला.

"स्ट्रायकर दोन कडांना आपटून तुमच्याकडे आला, तर तो कुठल्या कोनातून आणि किती वेळाने आला यावरून तो कुठून सुटला ते काढता येतं ना, सर? प्रकाशाचे कण तसेच असतात. खिडकीतून आलेला कण हमालावर आपटतो, मग भिंतीवर, मग त्या बाईच्या गालावर, आणि तिथून भिंगात येतो. आजवरचे कॅमेरे फक्त कण मोजत होते. काजवा प्रत्येक कण कधी पोचला तेही टिपतो. लांबून फिरून आलेला कण किंचित उशिरा पोचतो. या फिरून आलेल्या उजेडाला आम्ही परतप्रकाश म्हणतो. तो उलट्या वाटेने मागे नेला, की चौकटीबाहेरचं सगळं हाती लागतं."

अच्युतने विचारलं, सगळं म्हणजे किती. ती म्हणाली, त्या खोलीत उजेडाला जिथवर पोचता आलं, तिथवर.

दुपारी तो घरी आला तेव्हा त्याची बायको शरयू दवाखाना बंद करून नुकतीच वर आली होती. ती दातांची डॉक्टर होती. दवाखाना खाली, घर वर. ती गॅलरीतल्या खुर्चीत पाय लांब करून बसली होती, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून परतलेलं ऊन तिच्या चेहऱ्यावर पडलं होतं. कातडीच्या रंगाची चाचणी घ्यायला याहून चांगला उजेड मिळणं शक्य नव्हतं. अच्युतने तिला हलू नकोस म्हटलं आणि फोटो काढला.

शरयूचा फोटो चांगला येत नाही, हे दोघांनीही लग्नानंतर लवकरच मान्य करून टाकलं होतं. एरवी खळखळून हसणारी ही बाई त्याच्या कॅमेऱ्यासमोर आली की तिचे खांदे वर चढत आणि डोळ्यांत परीक्षेला बसल्यासारखा भाव येई. हजारो अनोळखी माणसं ज्याच्यासमोर सैल झाली, त्याला हा एक चेहरा कधी साधला नव्हता. आजही तेच झालं. रंग निर्दोष होते आणि शरयू अवघडलेली होती.

चाचणी पुरी करायची म्हणून त्याने कडी उलटी फिरवली. गॅलरीचे गज आले, तुळशीची कुंडी आली, भिंत आली. चौकट वळसा घालून मागे गेली आणि तिथे कॅमेरा धरलेला एक माणूस दिसला. काजवा छातीशी धरायचा कॅमेरा असल्यामुळे त्याचा चेहरा पुरा उघडा होता. ओठ आवळलेले, भुवया जवळ आलेल्या, आणि नजर अशी, की सदोष माल परत करायला आलेलं गिऱ्हाईक असावं.

तो माणूस म्हणजे आपणच, हे कळायला अच्युतला क्षणभर वेळ लागला. हा चेहरा त्याने कधी पाहिलाच नव्हता. आरशासमोर माणूस आरशाचा चेहरा लावतो, आणि दुसऱ्यांनी काढलेल्या फोटोंत तो फोटोचा चेहरा लावी.

शरयू उठून त्याच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली होती. तिने पडद्याकडे पाहिलं, पण तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"हाच," ती म्हणाली. "मी कायम हाच बघत आले."

अच्युत घाईने समजावू लागला की हा राग नव्हे, नापसंतीही नव्हे. उजेड, सावली, चौकटीची कड, सगळं एकदम सांभाळताना माणूस असा दिसतो. हे नुसतं लक्ष आहे.

शरयूने ते ऐकून घेतलं. मग तिने सांगितलं की तिच्या खुर्चीत आडवा झालेला पेशंट तोंड उघडून तिच्या डोळ्यांकडेच बघत असतो. मास्कमुळे त्याला दुसरं काही दिसत नाही. म्हणून किडका दात कितीही वाईट निघाला तरी ती डोळ्यांतला भाव बदलू देत नाही. ही सवय तिने मुद्दाम लावून घेतली होती.

"मला वाटायचं, तुला माझ्यात काहीतरी खटकतंय आणि तू बोलत नाहीस," ती म्हणाली. "लक्ष होतं म्हणतोस. मग माझ्याकडे लक्ष देताना तुझा चेहरा असा होतो?"

अच्युतने कडी परत जागेवर फिरवली. ती चहा ठेवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने इरावतीला उलगडा काढून टाकता येईल का म्हणून विचारलं. तिने सांगितलं की कडी बंद ठेवता येईल, पण कणांच्या वेळा टिपल्याखेरीज काजव्याला अंधारात इतकं स्वच्छ दिसणारच नाही. रंगांची ती सफाई परतप्रकाशातूनच येते. म्हणजे कडी बंद असली तरी फोटोत सगळं असणार, आणि ज्याला उलगडता येतं तो उलगडणार. मग तिने विचारलं की त्याला काय दिसलं. तो म्हणाला, कॅमेऱ्यात दोष नाही.

परीक्षण लिहायला त्याला नेहमीपेक्षा वेळ लागला. नापास करावं तर ते खोटं ठरलं असतं, आणि खोटेपणावरच तर त्याचा सगळा दात होता. त्याने खरं तेच लिहिलं. काजव्याइतका चांगला छोटा कॅमेरा आजवर झाला नाही. मात्र चौकट म्हणजे छायाचित्रकाराने काय वगळायचं याचा हक्क, आणि तो हक्क या कॅमेऱ्याने संपवला आहे. घेणाऱ्याने हे समजूनच तो विकत घ्यावा. वाचकांनी पहिलं वाक्य वाचलं आणि काजवे हातोहात खपले.

पुढच्या लग्नसराईत अच्युतला बदल दिसू लागला. फोटो काढणारी माणसं बटण दाबण्याआधी स्वतः हसू लागली होती. आया बाळाचा फोटो घेताना केस सावरत, आणि बाळ जमिनीवरचं काही तोंडात घालत असलं तरी चेहरा प्रेमळ ठेवत. आपण कुणाकडे कसं बघतो हे कायमचं राहणार, ही जाणीव एकदा झाल्यावर बघणं पहिल्यासारखं राहिलं नाही. जो तो बघताना आपण कसे दिसतो तेच बघू लागला.

अच्युतनेही आरशासमोर सराव केला होता. त्यात तो एकटा नव्हता, आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही. शरयूच्या साठीच्या दिवशी त्याने तिला पुन्हा गॅलरीत बसवलं. भुवया सैल केल्या, डोळ्यांत हसू आणलं आणि बटण दाबलं. त्याला हवा तसा फोटो यावेळी आला. शरयूचे खांदे खाली होते आणि ती हसत होती. कडी फिरवल्यावर दिसला तो माणूसही हसत होता. कुणीही पाहिलं असतं तर म्हटलं असतं, काय सुखी जोडपं आहे.

शरयू फोटो बराच वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. पण डोळे पेशंटसमोर असतात तसे मुद्दाम न बदललेले होते, हे अच्युतला आता ओळखता येत होतं.

"छान आलाय," ती म्हणाली, आणि मग हलकेच, "पण अच्युत, त्या जुन्या चेहऱ्याशी निदान माझं भांडण तरी होतं. या माणसाशी मी काय बोलू?"

त्याने कॅमेरा बाजूला ठेवला आणि तिच्याकडे नुसतंच बघायला गेला. पण आपल्या भुवया कुठे आहेत आणि ओठ कसे आहेत, हे त्याच्या मनातून जाईना, आणि शरयू ते बघत होती.