वरच्या माडीवरलं उष्टं

उसानं हात दिला तेव्हा सांगवीच्या सर्जेरावांनी बारामतीच्या जुन्या पेठेत एक दुमजली घर घेतलं आणि त्यावर तिसऱ्या मजल्याची माडी चढवली. खाली गुळाची वखार, मधे दिवाणजींची बैठक आणि वर हे चकचकीत राहतं घर. रंगीत मोझॅकची जमीन, न्हाणीला पांढऱ्या चिनी फरश्या, भिंतीएवढा बेल्जियमचा आरसा. खिडकी उघडली की अख्ख्या पेठेची कौलं पायाशी, पलीकडं कऱ्हेचं पात्र. येणारा-जाणारा मान वर करून बघायचा. त्या माडीत आजवर कुणी राहिलं नव्हतं. चुन्याचा वासही अजून गेला नव्हता.

सर्जेरावांची बायको कुशाबाई मळ्यात वाढलेली. उभ्या ओट्यावर भाकरी थापताना पहिल्या दिवशी तिला हसूच आलं.

थोड्याच दिवसांत टोपल्यातल्या भाकरीची कड गेलेली दिसली. उंदीर असेल म्हणून तिनं ती उजेडात धरली. उंदराचे दात बारीक असतात. हे रुंद होते, माणसाचे, मधला एक पडलेला. कड ओली होती, बोटाला चिकटली. तिनं बोट राखेनं घासलं, तरी शिळ्या तंबाखूचा वास जाईना.

जाळीच्या कपाटाला तिनं कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. तरी दुधाच्या सायीवर ओठ टेकल्याची खूण असायची. डाव उचलला की लाळेची तार लोंबायची. आमटीतल्या शेवग्याच्या शेंगा आधीच चोखून चोथा झालेल्या निघायच्या.

"अवं, ह्या घरात कुणीतरी आपल्या आदी जेवतंय," ती नवऱ्याला म्हणाली.

"खुळी का काय? येवढ्या वर मांजर बी येत न्हाय."

"मांजर न्हाय म्हनूनच सांगतीया. आपुन परत मळ्यात जाऊ."

"आन् लोकांनी काय म्हनावं? सर्जेरावाला माडी झेपली न्हाय?"

तिनं चावलेली भाकरी त्यांच्यापुढं धरली. सर्जेरावांनी ती घेतली, ओली कड निरखली आणि तीच बाजू तोंडात घातली. सावकाश चावली.

"ग्वाड लागतीया," ते म्हणाले.

कुशाबाई न्हाणीत जाऊन भडाभडा ओकली.

त्यानंतर त्या घरात शिजलेलं तिच्या घशाखाली उतरेना. फळांवर दिवस काढू लागली. एका दुपारी बाजारातून आणलेलं केळं तिनं स्वतःच्या हातानं सोललं. साल धड होती, कुठं चीर नव्हती. आतलं केळं मात्र चावलेलं होतं. लाळ मनगटापर्यंत ओघळली.

कोमट होती.

ती तशीच उठली, अनवाणी जिना उतरली आणि मिळेल त्या गाडीनं सांगवीला गेली.

सर्जेराव तिच्यामागं आले नाहीत. लेकाची आबाळ नको म्हणून त्यांची आई रंगूबाई माडीवर राहायला निघाली. कुशाबाईनं सासूचे पाय धरले. "आत्या, तुमी नगा जाऊ."

"मग लेकाला उपाशी ठिवू व्हय?" म्हातारी म्हणाली आणि गेली.

बेंदराच्या सणाला मायलेक दोघंही मळ्यात आली. सर्जेरावांचे गाल वर आले होते, रंगूबाई अंगानं भरली होती. कुशाबाईला आशा वाटली. आपल्या चुलीवरचं ताजं, कोरं अन्न पोटात गेलं की त्यांना परत जाऊच द्यायचं नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. अंगणात बैलांची घुंगरं वाजत होती. तिनं तव्यावरची पोळी वाढली, वर तूप ओतलं.

दोघांनीही घास मोडला नाही. ताटं डावीकडच्या मोकळ्या जागेकडं सरकवली आणि मांडीवर हात ठेवून बसली.

"जेवा की," कुशाबाई म्हणाली.

"थांब जरा," सर्जेराव हळूच म्हणाले. "आदी त्येचं हू दे."

तूप हललं.

पोळीची कड मऊ पडली, ओली झाली, आणि मग ती कड तिथं नव्हतीच.

कुशाबाईच्या हातातली तुपाची लोटी तशीच अधांतरी राहिली. रंगूबाईनं मोठ्या मायेनं सुनेकडं बघितलं.

"तुझं बी ताट ठिव की हितं," ती म्हणाली. "लांबनं आलंय त्ये. भुकेजलं आसंल."