जाळीच्या भिंतीची डाळमिल

लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि दुष्काळानं विहिरींचे तळ उघडे पाडले होते. अशा मार्चमध्ये पंचशीला नव्या डाळमिलच्या इमारतीत शिरली. उन्हापायी पदर डोक्यावर ओढलेला.

"डाळ निवडायच्या बाया मागल्या दारानं," शिडीवरून आवाज आला.

"आणि नकाशा काढणाऱ्या बाया?"

शिडीवरचा तरुण असा गडबडला की हातातला पाना त्याच्याच पायावर पडला. तो शिवलिंग, उदगीरचा फिटर, मशीन बसवायला आलेला. ती कंधारची, इंजिनियर. ही तिची पहिलीच इमारत.

पाणी टँकरचं, म्हणून तिनं काँक्रीट कमी केलं होतं, दगड जास्त. उत्तरेला विटांच्या जाळीची भिंत. सावलीतली हवा तिच्यातून आत यावी, तापलेली छपराच्या फटींतून वर निघून जावी. जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या उन्हाळ्यात दोन बाया भोवळ येऊन पडल्या होत्या.

मालक व्यंकटरावांना हे पटेना. "मे महिन्यात चालवून बघू. बाया घामाघूम झाल्या, तर जाळी बुजवून पत्रे ठोकणार!"

दोन दिवसांनी ती आली, तर शिवलिंग मशीनचा पक्का पाया फोडत होता.

"हे काय करायलात?"

"मशीन जाळीच्या तोंडावरच येत होतं. सरकवतो."

"आठ दिवसांचं काम वाढलं की!"

"हाव." त्यानं मान वर केली नाही. "आठ दिवस... तुम्ही रोज येता ना बघायला?"

तिनं नकाशा उघडला. उलटा.

मे उजाडला. भर दुपारी मशीन सुरू झालं. जाळीतून झुळूक आली, भुसा छपराकडे उडाला. चहाची सुट्टी झाली तरी मुकादम सरजाबाई जागची हलेना.

"भाईर कशाला जाऊ? लई गार हाय हितं."

व्यंकटरावांनी भिंतीवर हात ठेवला. बराच वेळ. "आणून ठेवलेले पत्रे परत धाडा," ते म्हणाले.

पंचशीला पायरीवर बसली. डोळे पुसले, हसली. शिवलिंग शेजारी आला.

"माझं काम संपलं. उद्या उदगीर... का थांबू?"

"आमच्या घरी बुद्धवंदना होते," ती हळूच म्हणाली. "तुमच्या घरी चालेल?"

"आईला सांगितलंय. दोन दिवस बोलली न्हाई."

"आणि मग?"

"तिसऱ्या दिवशी विचारलं, भाकरी येते का तिला?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, इमारती येतात."

ती खळखळून हसली. किती दिवसांनी अशी! मग त्याच्या भुशानं माखलेल्या बाहीवर तिनं हलकेच हात ठेवला.

"भाकरीही येते," ती म्हणाली. "सांग त्यांना... शिवलिंग."